पंच्याखालचा भाव

“आठशेच्या पुढं कोण सरकंना,” ज्ञानू हेडी तिसऱ्यांदा येऊन म्हणाला. खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं मानेचा घाम पुसला. “माझं ऐक. दिऊन टाक. ऊन चढलं की मेंढा मान टाकतो आन् भावबी.”

“कुणाकुणाला विचारलं?” मी म्हटलं.

“चौघांनाबी. चौघांचा हात आठशेचाच पडतोय.”

मी मेंढ्याच्या मानेवर हात ठेवून उभी होते. पांढराशुभ्र, त्यावर तांबूस ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं बाक असलेलं नाक. त्या नाकासाठीच आमच्या भागातल्या मेंढ्यांना भाव असतो. त्या दिवशी बाजारात एवढ्या उंचीचा दुसरा मेंढा नव्हता, हे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून सांगत होता. फक्त भाव कुणी देत नव्हतं.

आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. हेडी म्हणजे दलाल. तो व्यापाऱ्याच्या हातात हात द्यायचा, वर पंचा टाकायचा, आणि पंच्याखाली बोटं दाबून आकडा ठरायचा. एक बोट म्हणजे शंभर, अख्खा पंजा म्हणजे पाचशे. शेजारी उभ्या असलेल्यालाही काही कळायचं नाही. मग हेडी मालकाकडं येऊन सांगायचा. तो सांगेल तो भाव. त्याचा हात आणि व्यापाऱ्याचा हात काय बोलले, ते पंच्यालाच ठाऊक.

मला चौदाशे हवे होते, आणि तेही त्याच दिवशी.

आमच्या वाडीत नेमगोंडाअण्णाची पिठाची चक्की होती. माझा नवरा सिदा तिथं इंजिनावर होता आणि मी पीठ चाळायला, पोती उचलायला, झाडायला. आदल्या वर्षी पट्ट्यात सिदाचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. अण्णा वाईट माणूस नव्हता. दवाखान्याचा सगळा खर्च त्यानं केला, दोनदा बघायलाही आला. पण सिदाला घेऊन आम्ही तालुक्याला गेलो ती दुपार एवढीच चक्की बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातून परत आले तर इंजिनाचा टुकटुक आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता. पट्टा नवा होता आणि माणूसही नवा होता. मी आत जाऊन झाडू हातात घेतला. काय करणार.

दिवाळीनंतर अण्णानं चक्की विकायला काढली. मुलाकडं राहायला जायचं होतं त्याला. सिदानं पडल्यापडल्या मला सांगितलं, “दुसरीकडं कामाला गेलो तर हीच दोन बोटं घिऊन जायाची. चक्की घेतली तर हात कुणी बघणार न्हाई.” वाटणीत आलेली मेंढरं आणि माझी बोरमाळ विकून आम्ही इसार दिला. राहिलेले चौदाशे या बाजाराच्या दिवशी दिवेलागणीच्या आत द्यायचे, नाहीतर इसार बुडाला, असं चार माणसांसमोर ठरलं होतं. सोसायटीचा चेअरमन जास्त पैसे घेऊन तयारच होता. विकायचा राहिला होता तो हा एक मेंढा.

सिदा बाजारात येऊ शकत नव्हता असं नाही. पण ज्याला दोनच बोटं आहेत त्याचा हात पंच्याखाली कोण वाचणार? आणि डावा हात व्यवहाराला देत नाहीत. म्हणून मी आले होते, आणि सोबतीला माझा दीर बिरा.

“वैनी,” बिरा माझ्या कानाशी म्हणाला, “ज्ञानू खोटं कशाला बोलंल?”

“तिकडं बघ.”

लिंबाखाली चहाची टपरी होती. चारही व्यापारी एकाच बाकावर बसून चहा पीत होते. मधे रेवणशेठ होता, पांढरं धोतर, गळ्यात सोन्याची साखळी. सीमेपलीकडून दर आठवड्याला लॉरी आणायचा. त्यानं काहीतरी सांगितलं आणि बाकीचे तिघं हसले.

“एकाच वस्तूवर टपलेली माणसं अशी बसत्यात व्हय?” मी म्हटलं. “आठशेला एक जण घेणार. मग बाजार उठल्यावर वरचे पैसे चौघांत.”

“असंल. आपुन काय करणार?”

“तू जा. ज्ञानूला बाजूला ठेव आन् शेठच्या हातात तुझा हात दे.”

बिराचा चेहरा उतरला. “हेड्याला डावलून? वैनी, माझी पंचवीस कोकरं हैत. चैतात ती घिऊन मी हितंच येणार. ज्ञानूनं तोंड फिरवलं तर माझ्याकडं कुत्रं बघायचं न्हाई.”

तो खरं बोलत होता. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. शेजारी धुळानाना होता, आमच्याच वाडीचा. त्याच्या गाडीतूनच आम्ही मेंढा आणला होता. त्याचे बारा मेंढे खुंट्यांना बांधलेले होते. सगळे माझ्या मेंढ्यापेक्षा बुटके, पण निरोगी. तोही सकाळपासून काही न विकता बसला होता. बाजाराची रीतच तशी होती. रांगेतला सगळ्यात चांगला मेंढा आधी जायचा, आणि तो कितीला गेला त्यावरून बाकीच्यांचा भाव पडायचा. माझा मेंढा जात नव्हता म्हणून अख्खी रांग अडली होती.

“आटप गं मायाक्का,” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “तुझ्या मेंढ्याचं लगीन हाय का काय आज?”

मी ज्ञानूला हाक मारली. “ज्ञानूभाऊ, शेठला हिकडं बोलवा.”

“आठशे कबूल?”

“बोलवा तर खरं.”

रेवणशेठ आला. त्यानं मेंढ्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, आणि ज्ञानूकडं हात केला. ज्ञानूनं पंचा खांद्यावरून ओढला.

“त्यांच्याकडं न्हाई,” मी म्हटलं. “माझ्याकडं.”

आधी कुणालाच कळलं नाही. मग मी पदर खोचला आणि उजवा हात पुढं केला.

रांगेत हसू फुटलं. “आता बायाबी हात धराय लागल्या,” एक म्हातारा म्हणाला. “आमी घरी जातो मग.” ज्ञानू हसला नाही. तो म्हणाला, “बाई, ही रीत न्हवं.” बिरा दुसरीकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. परक्या पुरुषाच्या हातात हात, भर बाजारात. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या वाडीत जाणार आणि उद्या माझ्या माहेरी. मला ते सगळं दिसत होतं. पण हात मागं घेतला तर चक्की गेली, हेही दिसत होतं.

“मालक मी हाय,” मी म्हटलं. “मालकानं हात द्यायचा न्हाई अशी रीत कुणी घातली?”

रेवणशेठ माझ्याकडं बघत होता. त्याला मेंढा हवा होता, ते मला सकाळीच कळलं होतं. नको असलेल्या जनावराचे दात कुणी तीनदा बघत नाही. तो म्हणाला, “मला लॉरी भरायची हाय. दे पंचा.”

ज्ञानूनं पंचा टाकला.

शेठचा हात गार होता. बोटात जाड अंगठी. त्यानं पंजा दाबला आणि मग तीन बोटं. आठशे. मी सिदाजवळ बसून शिकले होते. तो डाव्या हातानं दाबायचा आणि मी सांगायचे. चुकले की हसायचा. आता हसणारं कुणी नव्हतं. मी पंजा दाबला, परत पंजा दाबला, आणि चार बोटं.

शेठचा चेहरा हलला नाही. पंजा, चार बोटं. नऊशे.

मी तेच परत दाबलं. पंजा, पंजा, चार.

पंजा, पंजा. हजार.

पंजा, पंजा, चार.

“आगं, जरा तरी खाली ये,” तो तोंडानं म्हणाला. लोक हसले. त्यांना आकडा कळत नव्हता, फक्त आमचे चेहरे दिसत होते. माझ्याकडं दुसरा आकडाच नव्हता. तळव्याला घाम आला होता आणि मला भीती वाटत होती की घामावरून त्याला सगळं कळेल. मग माझ्या लक्षात आलं की घाम माझा एकटीचा नव्हता. अंगठीखाली त्याचं बोट ओलं होतं.

पंजा, पंजा, दोन बोटं. बाराशे.

ज्ञानू सकाळपासून आठशे म्हणत होता.

मी हात सोडवून घेण्याइतका सैल केला. तेवढ्यात त्यानं तो घट्ट धरला. पंजा, पंजा, आणि हळूहळू एकेक करत चार बोटं. मग तो पुढं झुकला आणि दातांतल्या दातांत बोलला.

“देतो. पण तुझ्या तोंडातून आकडा भाईर पडता कामा नये. कुणीबी इचारलं तर ‘ठरलं’ म्हनायचं. आत्ता शंभर, बाकीचं लॉरी भरल्यावर. तवर आकडा फुटला तर दावं परत तुझ्या गळ्यात. कबूल?”

मी रांगेकडं पाहिलं नाही. “कबूल,” म्हटलं.

त्यानं पंचा उडवला. मी मेंढ्याचं दावं त्याच्या हातात दिलं. दावं गेलं की जनावर गेलं. मग मालकाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं जाता येत नाही. शंभराची नोट मी कनवटीला लावली. शेठच्या माणसानं मेंढा लॉरीच्या सावलीला नेऊन बांधला.

“किती?” बिरानं विचारलं.

“ठरलं.”

“आगं पर किती?”

“ठरलं म्हटलं ना. पुरंसं हाय.”

तो खुलला. एवढ्यात ज्ञानू मोठ्या आवाजात रांगेला सांगायला लागला, “झाला रं मेंढा. आठशेला झाला. आता चला, उरका.” मला सांगूनसुद्धा नाही, माझ्या तोंडावर. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि भुवई जराशी वर केली. बोल, काय बोलतीस.

माझे अजून तेराशे रुपये लॉरीत होते.

धुळानाना तंबाखू मळत माझ्याकडं आला. सत्तरीचा म्हातारा, खांद्यावर काळं घोंगडं, एका डोळ्यात फूल पडलेलं. “आठशे झालं व्हय, पोरी?”

“ठरलं, नाना.”

“त्ये दिसलं मला. एक डोळा हाय की अजून.” तो हसला. “आठशे झालं असंल तर माझ्या वाट्याला पाचशे येणार. वरीसभर पाला घातला, दोन येळा औषध पाजलं. पाचशेत तर पाल्याचंबी निघत न्हाई. पर तुझ्यासारखा मेंढा आठशेला गेल्यावर मी कुठल्या तोंडानं जास्त मागू?”

नानानं तंबाखूतला चुना परत चोळला.

“जास्तीला झाला असंल तर सांग. न्हाईतर मी देतो बाबा. परत गाडीत घालून न्यायचं आन् पुढच्या आठवड्याला परत आणायचं, एवढा दम न्हाई.”

बिरा माझ्यामागं उभा होता. त्याला आकडा माहीत नव्हता, पण माझ्या गप्प बसण्यावरून तो समजला असावा. त्यानं माझ्या पाठीला कोपर लावलं. गप राहा.

“ठरलं, नाना,” मी परत म्हटलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि ज्ञानूला हाक मारली. “ये बाबा, आण तुझा पंचा.”

ज्ञानू आला. पलीकडून दुसरा व्यापारी उठून येत होता. नानानं तंबाखू तोंडात टाकली, हात घोंगड्याला पुसला. बारा मेंढे एकमेकांच्या पाठीवर माना टाकून उभे होते. मला वाटलं, तोंड उघडलं तर माझी चक्की जातेय आणि नाही उघडलं तर ह्याचं वर्ष जातंय. आणि दोन्हीकडून पैसा जाणार होता तो त्या एका बाकावर.

आणि मग मला आठवलं की मी कबूल काय केलं होतं. तोंडातून आकडा पडणार नाही, एवढंच.

“नाना,” मी म्हटलं, “मला गरगरतंय वो. जरा हात द्या.”

मी मेंढ्याच्या रिकाम्या खुंटीजवळ मटकन बसले. नाना लगबगीनं आला. “आगं, सकाळपासनं पोटात काय न्हाई हिच्या. बिरा, पाणी आण.” त्यानं हात पुढं केला. मी तो धरला आणि डोक्यावरचा पदर तोंडावर ओढावा तसा पुढं ओढला. दोघांचेही हात पदराखाली गेले.

पंजा. पंजा. चार बोटं.

त्याचा हात खरबरीत होता आणि जागच्या जागी थिजला. मी परत दाबलं. पंजा. पंजा. चार. त्याच्या चांगल्या डोळ्यात एक चमक येऊन गेली आणि लगेच विझली. त्यानं माझी बोटं एकदा गच्च दाबली. त्या दाबण्यात कुठलाही आकडा नव्हता.

“पाणी पी,” तो म्हणाला. “सावलीत बस.”

तो उठला. ज्ञानू पंचा हातात घेऊन उभा होता. “चल नाना.”

“थांब जरा. म्हातारपण लई वंगाळ बघ. आदी लघवीला जाऊन येतो.”

नाना रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. वाटेत तो एका धनगराशी थांबला, तंबाखूची चंची मागितली, आणि चंची घेताना घोंगडं जरा पुढं आलं. पुढच्याशी राम राम केला, हात हातात घेतला, घोंगडं पुढं आलं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बघत होते. ज्यांचे हात नानानं धरले, ते जरा वेळानं आपल्या पलीकडच्याकडं तंबाखू मागायला गेले. कुणी काही बोलत नव्हतं. बाजार इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. मेंढरांचं बें-बें तेवढं चाललं होतं.

बिरानं माझ्याकडं पाहिलं. “वैनी, काय केलंस तू?”

“पाणी पितीया.”

व्यापारी बाकावरून उठले आणि रांगेत शिरले. पहिल्या पंच्याखाली हात गेले आणि लगेच बाहेर आले. दुसऱ्या. तिसऱ्या. ज्ञानू एका धनगराशी हुज्जत घालायला लागला, “आरं आठशेला गेला की मोठा मेंढा,” आणि तो धनगर नुसता मान हलवत राहिला. सूर्य कलायला लागला होता. लॉरी रिकामी होती. माझे पैसे लॉरी भरल्यावर मिळणार होते.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाव फुटला तर लॉरी भरणार नव्हती.

आमच्या वाडीला पोचायला गाडीनं दोन तास. तिथं चेअरमन अण्णाच्या ओट्यावर येऊन बसलाही असेल.

रेवणशेठ माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या मागं ज्ञानू होता आणि त्यांच्या मागं हळूहळू माणसं जमा व्हायला लागली होती. शेठच्या हातात माझ्या मेंढ्याचं दावं होतं. मेंढा त्यानं सोबत ओढून आणला होता.

“आकडा फुटलाय,” तो म्हणाला.

“माझ्या तोंडातून न्हाई.”

“मग कुणाच्या? तो तुला आन् मलाच ठावा.”

“माझ्या तोंडातून ऐकलेला एक माणूस उभा करा, शेठ. मी दावं परत घेते.”

त्यानं गर्दीकडं पाहिलं. नाना घोंगडं पांघरून चंचीत काहीतरी शोधत होता. ज्ञानू म्हणाला, “मघाशी हिला गरगरलं हुतं.” मग तो थांबला. त्याची नजर माझ्या पदरावर आली, पदरावरून हातावर, आणि तिथून नानाच्या घोंगड्यावर गेली. “शेठ,” तो हळूच म्हणाला, “हिनं हात धरला हुता म्हाताऱ्याचा.”

“गरगरलेल्या बाईनं हात धरायचा न्हाई तर काय मेंढ्याचं शेपूट धरायचं?” नाना म्हणाला. लोक हसले, पण लगेच गप्प झाले.

शेठनं दावं माझ्यासमोर धरलं. “घे. व्यवहार मोडला.”

माझा हात उठला नाही. बिरा माझ्या कानाला लागला. “घे वैनी. घे परत. आता पंधराशेला जाईल. रांगेत सगळ्यांला ठावं झालंय.” तो घाबरलेला होता आणि त्याच वेळी त्याला मोहही पडला होता, दोन्ही त्याच्या आवाजात होतं. पण पंधराशेला घेणार कोण? चौघं एक होते. शेठनं सोडलेल्या मेंढ्याला बाकीचे तिघं शिवणार नाहीत, आणि मला दुसरा बाजार नव्हता, दुसरा दिवसही नव्हता.

दावं आमच्या दोघांच्या मधे लोंबत होतं.

“शेठ,” मागून आवाज आला. चौघांतला सगळ्यात धाकटा व्यापारी, मिरजेकडचा, चहाच्या बाकावर काठाला बसलेला. नवीनच धंद्यात पडला होता. “तुमाला नको असंल तर मला द्या दावं. चौदाशेला.”

त्यानं ते तोंडानं म्हटलं. भर बाजारात, मोठ्यानं. पंचा त्याच्या खांद्यावर तसाच होता.

रेवणशेठ वळला. “तू मधी पडू नको.”

“तुमी सोडताय म्हणून म्हणतोय. नसंल सोडायचा तर ऱ्हायलं.”

शेठ त्याच्याकडं बघत राहिला, मग मेंढ्याकडं. मला त्याचा चेहरा आजही दिसतो. हिशेब करणाऱ्या माणसाचा चेहरा. राग त्यात कुठंच नव्हता, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. मग त्यानं दावं आपल्या मनगटाला दोन वेढे गुंडाळलं, कोटाच्या आत हात घातला आणि नोटा काढल्या. त्यानं एकेक करून त्या माझ्या ओच्यात टाकल्या. तेरा.

“बघून घे.”

“बघितलं.”

“आता आयक,” तो म्हणाला. गर्दी त्या धाकट्या व्यापाऱ्याभोवती गेली होती, तिथं माणसं आता उघड उघड भाव बोलत होती. आमच्याजवळ बिरा तेवढा होता. “आता ह्यो मेंढा कुणीबी सोळाशेला घेतला असता. तू दावं परत घेतलं असतंस तर अर्ध्या तासात दोनशे जास्त मिळवली असतीस. सगळ्या रांगेचा भाव तू चढवलास आन् अंगाच्या मानानं तुझाच मेंढा सगळ्यात सस्त्यात गेला. कळलं का?”

“मला चौदाशेच पायजे हुते.”

“बाजारात असं कोण म्हणत नसतंय.” त्यानं मेंढ्याच्या नाकावरून हात फिरवला, अगदी मायेनं. “कशाला पायजे हुते?”

“चक्की घ्यायचीया.”

“पिठाची?” पहिल्यांदाच तो खरोखर हसला. “मग बरं हाय. आज दुसऱ्याचा पंचा वडून काढलास. चक्कीवर माणूस ठेवशील ना कामाला? मग बघू तुला किती दिस पंच्याबिगर निभतंय.”

तो मेंढा घेऊन गेला. नानाचे बारा मेंढे नऊशेच्या आसपास गेले, दोन तर त्याहून वर. परतताना गाडी नानानं अशी हाकली की बिरा दोन्ही हातांनी साट्याला धरून बसला होता. अण्णाच्या ओट्यावर चेअरमन खरंच बसलेला होता, मांडीवर पिशवी घेऊन. घरात कंदील लावत होते. मी नोटा अण्णासमोर ठेवल्या आणि अण्णानं त्या कंदिलाच्या उजेडात दोनदा मोजल्या.

ज्ञानूनं चैत्रात बिराची कोकरं पाहिली नाहीत. बिरा ती मिरजेकडच्या त्या धाकट्या व्यापाऱ्याला देऊन आला, आणि पुढं बरीच वर्षं त्यालाच देत राहिला. पण रेवणशेठ खोटं बोलला नव्हता. पुढच्याच महिन्यात बाजारात परत पंचे पडले आणि हात पंच्याखाली गेले. ते चौघं परत एका बाकावर आले, फक्त आता एक नवा धरून पाच होते. एका दिवसानं रीत मोडत नाही.

चक्की आमची झाली. सिदा गल्ल्यावर बसू लागला, इंजिनावर आम्ही अण्णानं ठेवलेल्या त्याच नव्या माणसाला ठेवलं, आणि पीठ चाळायला, झाडायला वाडीतल्याच लगमाला. म्हणजे माझ्या जागेवर. लगमाला मी तेवढाच पगार सांगितला जेवढा मला मिळायचा. तिनं मान हलवली आणि झाडू घेतला. महिनाभर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मी पोत्यावर बसून असायचे आणि ती वाकलेली असायची, आणि मला कुठं बघावं ते कळायचं नाही.

एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लगमा कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. भुवयांवर पीठ, केसांवर पीठ.

“मायाक्का,” ती म्हणाली, “एक इचारू? चक्कीला दिसाला किती सुटत्यात गं?”

सिदानं गल्ल्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनी नको म्हणून सांगितलं. तरी मी सांगितलं. डिझेल किती जातं, इंजिनवाल्याला किती जातात, पट्ट्याला आणि जात्याच्या दगडाला टाकी लावायला किती बाजूला ठेवावे लागतात, आणि मागं काय उरतं. सगळं तोंडानं सांगितलं. ती बोटांवर मोजत होती. तिलाही अक्षर येत नव्हतं, मलाही तेव्हा येत नव्हतं, पण बोटं दोघींची पक्की होती.

मोजून झाल्यावर ती म्हणाली, “मग मला महिन्याला पंधरा रुपयं वाढवून दे.”

“पंधरा?” मी म्हटलं. “येवढं न्हाई परवडत, बाई.”

“परवडतंय,” लगमा म्हणाली. “आत्ता तूच सांगितलंस की.”